क्रमांक १३१, डोळे उघडे

दत्ता टिपरे प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटत नसे.

एवढ्याशा वाक्यात तुम्हाला काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या कॉलेजात सकाळी पावणेआठला चॅपलची घंटा झाली की साडेतीनशे मुलंमुली बाकांवर बसत, चाको सर "आइए, हम आँखें बंद करें" म्हणत, आणि सातशे डोळ्यांपैकी सहाशे अठ्ठ्याण्णव एका झटक्यात मिटत. माझे दोन त्यात धरले आहेत. मी ते झोपेसाठी मिटत असे, पण मिटत असे. उरलेले दोन टिपरेचे. ते भिंतीवरच्या कंदिलासारखे जळत राहायचे.

फरीदाबादच्या टोकाला, जिथे कारखान्यांची रांग संपून बिल्डरांच्या पाट्यांची रांग सुरू व्हायची, तिथे हे कॉलेज होतं. देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात रोज येत होतं. फाटकासमोरच्या ढाब्यावर डिश अँटेनाची लोखंडी छत्री लागली होती आणि तिच्यातून परदेशी बायका दालमखनीवर नाचत होत्या. आमचं फाटक मात्र संध्याकाळी सहाला बंद. सिनेमा नाही, पत्ते नाहीत, ट्रान्झिस्टर नाही. चॅपलमध्ये मुलींचे बाक डावीकडे, म्हणून डावीकडे पाहायचं नाही. मानेला डावीकडे वळायची सवयच गेल्यामुळे आमच्यातली निम्मी मुलं पुढे गाडी चालवायला शिकू शकली नाहीत. एकाने अंघोळ करताना फिल्मी गाणं गुणगुणलं तर वॉर्डनने त्याला साबणासकट बाहेर काढून कॉरिडॉरमध्ये उभं केलं, असं मी सगळ्यांना सांगत असे. टिपरे शेजारून शांतपणे म्हणायचा, "टॉवेल होता. आणि अर्धंच मिनिट उभा होता."

"तुला काय करायचंय रे?"

"काही नाही. पाहिलं तेवढंच सांगतो."

हे त्याचं पालुपद. आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो, आणि त्या तीन वर्षांत माझी एकही थाप त्याने पूर्ण वाढू दिली नाही. त्याने मला नाव ठेवलं थापाड्या. मी त्याला पंचनामा म्हणत असे.

आमच्यासारखी मुलं तिथे गेली कशी, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. कारण होतं कॉम्प्युटर. परदेशातल्या कुठल्याशा चर्चने कॉलेजला वीस कॉम्प्युटर दिले होते, आणि त्या काळात फरीदाबादेत वीस कॉम्प्युटर म्हणजे वीस हत्ती. माझे वडील ट्रॅक्टरच्या कारखान्यात फोरमन. ते म्हणाले, "देव कुठलाही असू दे, कॉम्प्युटर शीक." टिपरेचे वडील दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये सुभेदार, मूळ साताऱ्याकडचे. त्यांनी फाटकावरची सहाची पाटी वाचली आणि म्हणाले, "जागा चांगली आहे."

त्या कॉम्प्युटरच्या खोलीला थंड हवेची मशीन होती, मखमली पडदा होता, आणि दाराशी बूट काढून आत जावं लागे. चॅपलमध्ये बूट घालून जायचं आणि कॉम्प्युटरपुढे अनवाणी. टिपरे म्हणायचा, "भक्ती कुठे आहे ते पायांवरून कळतं."

नास्तिक तो पहिल्या दिवसापासून. प्रवेशाच्या फॉर्मवर श्रद्धेबद्दल एक रकाना होता. आम्ही बाकीच्यांनी जे वडिलांनी सांगितलं ते भरलं. टिपरेने लिहिलं: अजून पाहिलेला नाही. क्लार्क घाबरून तो फॉर्म चाको सरांकडे घेऊन गेला. चाको सर आमचे वॉर्डनही आणि चॅपलचे प्रार्थना-प्रमुखही. केरळातले, साठीला आलेले, एकटे राहणारे. त्यांच्या हिंदीत आँख पुल्लिंगी होती आणि आदमी कधीकधी स्त्रीलिंगी. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून फॉर्म वाचला आणि म्हणाले, "ठीक है. दिखेगा तो मुझे बताना."

"बिल्कुल, सर," टिपरे म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. सुभेदाराचा मुलगा, त्याने हुकूम म्हणून घेतला.

मी देव मानत नाही असं मीही त्याला एकदा ऐटीत सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू नास्तिक नाहीस," तो म्हणाला, "तू आळशी आहेस."

आता ते डोळे सापडले कसे ते सांगतो. चाको सरांची प्रार्थना लांब असे. ती आदामापासून निघायची, सगळ्या संदेष्ट्यांना भेटत, पंतप्रधानांना सद्बुद्धी मागत, मेसच्या भोपळ्यापर्यंत यायची. माझ्या मते तेवढ्या वेळात समोर एक तीन मजली इमारत उभी राहायची. (टिपरे: "जोत्यापर्यंत.") अशाच एका सकाळी, पंतप्रधान आणि भोपळा यांच्या मध्ये कुठेतरी, चाको सरांनी स्वतःचा एक डोळा किलकिला केला. पुढचा शब्द आठवत नसावा. तर समोर पंधराव्या बाकावर दोन डोळे सताड उघडे, त्यांच्याकडेच पाहत. दोघांची नजरानजर झाली. मी झोपेत होतो, पण मला नंतर टिपरेने सांगितलं की सर लाजले.

दुपारी बोलावणं आलं. टिपरे इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मी त्याची ट्रंक भरायला घेतली.

अर्ध्या तासाने तो हातात लांबलचक हजेरीपट घेऊन परत आला.

त्याचं असं होतं. चॅपलच्या बाकांवर रंगाने आकडे घातलेले होते. प्रत्येकाचा आकडा ठरलेला. रिकामा आकडा म्हणजे गैरहजर, आणि फार गैरहजर म्हणजे हॉल तिकीट नाही. पण हे रिकामे आकडे टिपायचे कोणी आणि कधी? प्रार्थनेआधी मुलं येत राहतात, प्रार्थना संपली की पळतात. सगळे जागच्या जागी असतात ते प्रार्थना चालू असताना, आणि तेव्हा टिपणाऱ्याला डोळे उघडे ठेवावे लागतात. वर्षानुवर्षं कुणी ना कुणी भाविक मुलगा हे पाप करून मग त्याची क्षमा मागत बसायचा. चाको सर टिपरेला म्हणाले, "तुम्हारा आँख तो वैसे भी खुला है. काम में लगाओ."

अशा रीतीने त्या कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा एक नास्तिक चॅपलच्या मागच्या खांबापाशी अधिकृतपणे उभा राहिला. डावीकडे पाहायचा परवाना असलेला तो एकमेव मुलगा. आम्ही जळायचो. मी रोज विचारायचो, "डावीकडे काय विशेष?"

"चार रिकाम्या," तो म्हणायचा.

मी तर समजत होतो की आता आपली चंगळ. खोलीतला मित्र हजेरी घेतो, म्हणजे झोपावं आठपर्यंत. पहिल्याच आठवड्यात त्याने मला तीनदा गैरहजर टाकलं.

"यार, मी तुझा रूममेट आहे."

"बाक रिकामा होता."

हजेरीपटाला शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता. आधीच्या मुलांनी तो कोरा सोडला होता. टिपरेला कोरा रकाना सहन होत नसे. त्याने बारीक इंग्रजी अक्षरात शेरे लिहायला सुरुवात केली. मी ते चोरून वाचत असे. क्रमांक ११४: हजर, झोपेत. क्रमांक ४०: हजर, संत्रं खात. क्रमांक १३२: हजर, घोरत, १३३ला त्रास. (१३२ मी.) आणि मध्येच: क्रमांक ८७: हजर, रडत. दुसऱ्या दिवशी: ८७, रडत. तिसऱ्या दिवशी: ८७, रडत नाही, पण ओठ चावत.

८७ म्हणजे रांचीकडचा सुशील तिर्की. व्हॉलीबॉलमध्ये सहा फूट उडी मारणारा गडी. तो रडतो हे आम्हा कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. तो रडायचा तेव्हा आमचे डोळे मिटलेले असत.

हजेरीपट रोज दुपारी चाको सरांकडे जायचा. चौथ्या दिवशी सरांनी तिर्कीला चहाला बोलावलं आणि एवढंच विचारलं, "घर से चिट्ठी नहीं आया?" तिर्कीचा बांध फुटला. तीन महिने घरून पत्र नव्हतं. सरांनी त्याच्या गावच्या पाद्र्याला स्वतः लिहिलं, पंधरा दिवसांत उत्तर आलं, सगळे खुशाल होते, पोस्टमन बदलला होता. तिर्की हॉस्टेलभर सांगत सुटला, "मैंने किसी को नहीं बताया था. सर को ऊपर से पता चला."

मग असं होतच राहिलं. कुणाचा बाप आजारी, कुणाला एका विषयात गती नाही, कुणी नाश्ता न करता येतो. सर नेमक्या माणसाला नेमक्या दिवशी चहाला बोलावत. चाको सरांना दृष्टांत होतात, हे कॉलेजात सर्वमान्य झालं. या प्रचारात माझा हात मोठा. मी सांगत असे की सरांच्या खोलीवरही एक छत्री आहे, ढाब्यापेक्षा मोठी, फक्त ती दिसत नाही. टिपरे शेजारी बसून कॉम्प्युटरच्या वहीत प्रोग्राम लिहीत असायचा. त्या एकाच थापेला त्याने कधी कात्री लावली नाही.

एकदा मी त्याला विचारलं, "खरं काय ते सांगत का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

शेवटच्या वर्षाच्या शेवटी, हॉल तिकिटं काढायच्या आधी, प्रिन्सिपल साहेबांनी हजेरीपट मागवला. साहेब सज्जन होते, पण कडक. इतके उंच आणि इतके सरळ की ते बसताना लाकूड मोडल्याचा आवाज यायचा. हजेरीचे आकडे पाहता पाहता त्यांची नजर शेऱ्यांवर गेली. वाचत वाचत ते पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर आले.

चॅपलमध्ये क्रमांक एक म्हणजे व्यासपीठावरची खुर्ची. त्यांची स्वतःची. त्या खुर्चीची हजेरी आजवर कुणी घेतली नव्हती. पण टिपरेच्या मते खुर्ची आहे, आकडा आहे, माणूस आहे, तर नोंद हवी. नोंद अशी होती: क्रमांक १: हजर. प्रार्थना चालू असताना घड्याळ दोनदा पाहिलं.

आणि हे एक दिवसाचं नव्हतं. दोन वर्षांचं होतं.

त्या संध्याकाळपर्यंत दोन गोष्टी ठरल्या. एक, हजेरीपट टिपरेकडून काढून घ्यायचा. दोन, सोमवारी सकाळी टिपरेने पहिल्या बाकावर, सर्वांसमोर, मान लववून डोळे मिटायचे. तरच हॉल तिकीट. नाही तर तीन वर्षं पाण्यात. साहेब म्हणाले, "मी तुला विश्वास ठेवायला सांगत नाही. या घराचा नियम पाळायला सांगतोय." खरं सांगायचं तर यात गैर काही नव्हतं. चाको सरांनी हजेरीची जबाबदारी स्वतःवर घेतली, दोनदा रदबदली केली. साहेब हलले नाहीत.

टिपरे म्हणाला, "हजेरी देईन, उभा राहीन, मान लववीन. डोळे मिटणार नाही."

मग सुभेदारांना बोलावलं. ते गणवेशात आले, साहेबांना सॅल्यूट ठोकला, साहेबांनी गडबडून तो परत केला. सगळं ऐकून घेऊन सुभेदार म्हणाले, "साहब, हमारे यहाँ तो पहरे पर आँख बंद करनेवाले को सज़ा होती है." पण ते बोलायचं म्हणून बोलले. बाहेर आल्यावर व्हरांड्यात, मी चार हातांवर उभा असताना, हळूच म्हणाले, "दत्ता, मीट की रे. दोन मिनिटं."

"आबा, तुम्हाला माहीत आहे."

सुभेदारांनी टोपी काढली, तिच्या आत पाहिलं, पुन्हा डोक्यावर ठेवली. आणि फाटकाकडे चालू लागले. माझ्या नास्तिक मित्राच्या हट्टात नास्तिकपणाखेरीज काही असेल, असं मला तोवर वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कॉम्प्युटरच्या खोलीतून बाहेर आलो आणि पायऱ्यांवर बसून बूट घालू लागलो. समोर रस्त्यापलीकडे क्रेन एका नव्या सोसायटीवर विटा चढवत होती. मी म्हटलं, "टिपरे, एवढं काय आहे रे त्या डोळ्यांत? मिटायचे, आत एखादा पिक्चर बघायचा, उघडायचे."

त्याने एका बुटाची नाडी बांधली. सोडली. पुन्हा बांधली.

"थापाड्या, ऐकशील? आणि वाढवणार नाहीस?"

मी मान हलवली.

"आई आजारी होती. मी नऊ वर्षांचा. छावणीच्या हॉस्पिटलात होती, आबा पोस्टिंगवर. मावशी मला म्हणाली, डोळे मीट, अकरा वेळा देवाचं नाव घे, आई बरी होईल. मी मिटले. मध्ये एकदा किलकिले करावेसे वाटले, पण नाही केले. आपली चूक व्हायला नको. अकरा पूर्ण झाले, डोळे उघडले, तर नर्स चादर वर ओढत होती."

क्रेनने विटा टेकवल्या आणि रिकामी दोरी खाली सोडली.

"मावशी म्हणते, आई शेवटी इकडेतिकडे बघत होती. मला शोधत असेल, नसेलही. मी पाहिलं नाही. म्हणून मी ते कधी सांगत नाही." त्याने दुसरा बूट पायात सरकवला. "प्रार्थनेवर माझा राग नाही रे. पण मिटले की वाटतं, तेवढ्यात कुणीतरी जाईल."

मी पोटात काही ठेवू शकत नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी तडक चाको सरांच्या खोलीवर गेलो. त्यांना सगळं सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता सांगितलं. वाढवायला जागाच नव्हती. सरांचा चहा गार झाला. मग त्यांनी विचारलं, "कितना बार बोला था, भगवान का नाम?"

"ग्यारह, सर."

"ग्यारह," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी चॅपलच्या दारात सरांनी हजेरीपट माझ्या हातात दिला. "आज तुम लिखेगा. पीछे नहीं, सामने खड़ा होना. उसके पास. आँख खुला रखना."

टिपरे पहिल्या बाकाच्या टोकाला उभा होता. मी त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, सगळ्या चॅपलकडे तोंड करून. व्यासपीठावर क्रमांक एकच्या खुर्चीत प्रिन्सिपल साहेब, डोळे उघडे ठेवून. त्याने मिटले की नाही ते त्यांना पाहायचं होतं. घंटा झाली. चाको सर म्हणाले, "आइए, हम आँखें बंद करें."

माणसं डोळे मिटून कशी दिसतात हे मी तोवर पाहिलं नव्हतं. व्हॉलीबॉल खेळणारा तिर्की सहा वर्षांच्या मुलासारखा दिसत होता.

टिपरेने मान वळवून उजवीकडचे बाक पाहिले, मग डावीकडचे, मग माझ्याकडे पाहिलं.

"मी बघतोय," मी पुटपुटलो. "मीट."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

त्याने माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली. आणि डोळे मिटले.

मी बघत राहिलो. भिंतीपासून भिंतीपर्यंत, पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तरी मी पापणी लववली नाही. आदामाची वाट पाहत होतो. मनात म्हणत होतो, आता संदेष्टे, मग पंतप्रधान, मग भोपळा; एवढा वेळ हा कसा काढणार.

चाको सर म्हणाले, "प्रभु, हम सब यहाँ हैं. आमेन."

संपलं. कुणाला कळलंच नाही. बरीच मुलं तशीच डोळे मिटून बसून राहिली. प्रिन्सिपल साहेबांनी घड्याळ पाहिलं, आणि मी ते लिहून घेतलं.

टिपरेने डोळे उघडले. आधी उजवे बाक, मग डावे.

"कुणी गेलं?"

"नाही."

"पाहिलंस?"

"पाहिलं."

बाही मात्र त्याने सोडली नव्हती. हॉल तिकीट दुपारी मिळालं. त्याने ते न पाहताच खिशात घातलं. मग माझ्याकडून हजेरीपट मागून घेतला आणि माझी सगळी पानं नीट तपासली. त्याच्या क्रमांक १३१पुढे मी फक्त 'हजर' लिहिलं होतं.

"शेरा कोरा का?"

"मला सुचेना."

त्याने पेन घेतलं, थोडा विचार केला, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि पट माझ्या हातात दिला. लिहिलं होतं: सातपर्यंत.

"देवाचं नाव?" मी विचारलं.

"आकडे," तो म्हणाला. "नुसते आकडे." आणि मग, चाको सरांच्या खोलीच्या खिडकीकडे पाहत, "आमेन झालं तेव्हा सातच झाले होते, यार."